सोलापूरची हद्द आणि लोकसंख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सोलापूरची लोकसंख्या किती?' हा वरवर एका ओळीचा प्रश्न. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, हद्दवाढ भागात प्लॉट घेणारे, शिक्षक आणि पुण्यात स्थायिक झालेले सोलापूरकर तो पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक वेळा घोळ आकड्यात नसतो, आकड्यामागच्या हद्दीत असतो. आलेले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोलापूर शहराची लोकसंख्या नक्की किती आहे?

९,५१,५५८. हा आकडा २०११च्या जनगणनेचा आहे, सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीतला आहे आणि १ मार्च २०११ या संदर्भ दिवसाचा आहे. वर्ष, हद्द आणि दिवस या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय शहराच्या लोकसंख्येला अर्थ नाही. परीक्षेत हाच आकडा लिहा. याहून मोठा आकडा कुठे दिसला तर प्रश्न ६ पाहा.

२. मग ४३ लाख हा आकडा कुणाचा?

जिल्ह्याचा. २०११ला सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. त्यात अकराही तालुके आले: उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर आणि सांगोला. 'उत्तर सोलापूर' या नावामुळे अनेकजण तालुक्याचा आकडा शहराचा म्हणून देतात. त्या तालुक्यात मार्डी, वडाळा, तिऱ्हे अशी अस्सल ग्रामीण गावंही आहेत, त्यामुळे तालुका आणि शहर एक धरू नका.

३. 'हद्दवाढ भाग' म्हणतात तो कुठला? आमच्या घरच्या पत्त्यातही हा शब्द आहे.

५ मे १९९२ रोजी शहरालगतची अकरा गावं महापालिकेत आली. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी, दहिटणे ही नावं सोलापूरकरांच्या तोंडी रोज असतात. या एका निर्णयाने शहराचं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढून १७८.५७ चौरस किलोमीटर झालं. त्याआधीचं शहर म्हणजे पेठा, गावठाण, गिरण्यांभोवतीच्या चाळी, लष्कर, सदर बझार आणि रेल्वे लाइन्सचा पट्टा.

नगरपालिका १८५२ची, महापालिका १ मे १९६४ची. म्हणजे आजच्या हद्दीला दीड शतकाहून जुन्या कारभारातली जेमतेम शेवटची काही दशकंच मिळाली आहेत. जुन्या सोलापूरविषयीचा कुठलाही आकडा वाचताना हे ध्यानात असू द्या. १९०१च्या जनगणनेतले ७५,२८८ लोक आजच्या सोलापूरच्या एका कोपऱ्यात राहत होते.

४. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत सोलापूर ४४ टक्क्यांनी वाढलं असं पुस्तकात आहे. एवढे लोक आले कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि यायलाच हवा.

१९९१ला शहराची लोकसंख्या ६,०४,२१५ होती. २००१ला ती ८,७२,४७८ झाली. फरक २,६८,२६३ चा, म्हणजे ४४.४ टक्के. वजाबाकी बरोबर आहे, पण १९९१चा आकडा जुन्या हद्दीचा आहे आणि २००१चा नव्या. मधे १९९२ची हद्दवाढ झाली (प्रश्न ३). बाळ्याच्या किंवा कुमठ्याच्या ज्या माणसाला १९९१ला गावकरी म्हणून मोजलं, तोच माणूस, त्याच घरात राहून, २००१ला शहरी म्हणून मोजला गेला. तो कुठूनही 'आला' नाही. अंगरखा मोठा शिवला म्हणून अंग वाढत नाही.

खरी वाढ किती असेल? एक ढोबळ हिशेब करून पाहता येतो. १९८१ला शहरात सुमारे ५.११ लाख लोक होते आणि १९९१पर्यंत ते १८ टक्क्यांच्या आसपास वाढले. तोच वेग पुढे धरला तर जुन्या हद्दीत २००१ला साधारण ७.१४ लाख लोक भरतात. उरलेले दीड लाखाहून अधिक लोक म्हणजे सामील झालेल्या गावांतले मूळ रहिवासी आणि त्या मोकळ्या जमिनींवर नंतर घरं बांधून राहायला गेलेले लोक. त्यातले पुष्कळजण जुन्या शहरातूनच गेले, त्यामुळे ७.१४ लाख हा आकडाही चढाच असावा. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण ४४ टक्क्यांचा फुगवटा कशाचा ते त्यातून कळतं.

नेमकं उत्तर हवं असेल तर १९९१च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून त्या अकरा गावांची लोकसंख्या काढून ६,०४,२१५ मध्ये मिळवायची आणि मग २००१शी तुलना करायची. काम कंटाळवाणं आहे, तासाभराचं आहे. शहरावर प्रबंध लिहिणाऱ्याने ते केलंच पाहिजे. 'नव्वदच्या दशकात सोलापूरची स्फोटक वाढ' असं वाक्य हे काम न करता छापलं जातं, याचं वाईट वाटतं. त्याच दशकात शहरातल्या जुन्या गिरण्या एकेक करून बंद होत होत्या आणि घरोघरची तरणी पोरं पुण्याचा रस्ता धरत होती. कागदावरच्या ४४ टक्क्यांनी ती गोष्ट झाकली गेली.

५. मग २००१ ते २०११ मध्ये वाढ एकदम ९ टक्क्यांवर का आली?

कारण या वेळी दोन्ही आकडे एकाच हद्दीचे आहेत. ८,७२,४७८ वरून ९,५१,५५८, म्हणजे ७९,०८० माणसं वाढली. टक्केवारी ९.०६. ही तुलना स्वच्छ आहे, आणि म्हणूनच बोचरी आहे. त्याच दहा वर्षांत सोलापूर जिल्हा १२ टक्क्यांच्या वर वाढला आणि महाराष्ट्र १६ टक्क्यांच्या आसपास. शहर आपल्याच जिल्ह्याच्या मागे राहिलं.

याची दोन कारणं दिसतात. एक, लोक बाहेर जात आहेत. शिकून पुण्याला गेलेला मुलगा परत येत नाही, हे इथल्या कुठल्याही गल्लीत विचारा. दुसरं, लोक शहरातच कामाला आहेत पण राहायला हद्दीच्या पलीकडे गेले. या दुसऱ्या कारणासाठी प्रश्न ११ जरूर वाचा.

६. नेटवर सोलापूरची आजची लोकसंख्या ११–१२ लाख दाखवतात. ती खोटी आहे का?

खोटी म्हणता येणार नाही, पण ती मोजलेलीही नाही. अशा संकेतस्थळांवरचे आकडे प्रक्षेपित असतात. मागच्या जनगणनांमधला वाढीचा वेग घेऊन तो पुढच्या वर्षांना लावलेला असतो. कोणी नागरी समूहाचा आकडा धरतो, कोणी महापालिकेचा (प्रश्न ७). ते बहुधा तळटीपेतही लिहिलेलं नसतं.

या पद्धतीत हद्दवाढ किती घात करते ते पाहा. समजा २००१ साली एखाद्याने ४४.४ टक्क्यांचा वेग खरा मानला आणि २०११चं सोलापूर किती असेल याचं गणित केलं. उत्तर येतं १२ लाख ६० हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात मोजणी झाली तेव्हा निघाले साडेनऊ लाख. तीन लाख माणसं कागदावर जन्मली आणि कागदावरच राहिली. पाणी योजना, बस, शाळा यांचं नियोजन अशा आकड्यावर बेतलं तर पैसा कुठे जाईल याचा विचार करा.

७. 'नागरी समूह' म्हणजे काय? आणि 'सेन्सस टाउन'?

शहर सरकारी हद्दीपाशी थांबत नाही, हे जनगणनेला ठाऊक आहे. म्हणून १९७१पासून 'नागरी समूह' ही संकल्पना वापरतात. मुख्य शहर, त्याला सलग लागून असलेली इतर शहरं आणि वाढीव वस्त्या मिळून एक समूह. त्यात किमान एक वैधानिक शहर, म्हणजे नगरपालिका, महापालिका, नगरपंचायत किंवा कॅन्टोन्मेंट, असावं लागतं.

पुण्याचं उदाहरण सगळ्यांना पटतं. २०११ला पुणे महापालिकेत ३१ लाख लोक होते, तर पिंपरी-चिंचवड आणि कॅन्टोन्मेंट धरून पुणे नागरी समूहात ५० लाख. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. सोलापूरचाही १९९१ला नागरी समूहाचा वेगळा आकडा होता: ६,२०,८४६. म्हणजे तेव्हाच शहर जुन्या हद्दीबाहेर सांडलं होतं, पुढच्याच वर्षी हद्दवाढ झाली.

सेन्सस टाउन म्हणजे कारभाराने ग्रामपंचायत, पण लक्षणांनी शहर. कसोट्या तीन: लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिसऱ्या कसोटीतला 'पुरुषांपैकी' हा शब्द नीट वाचा. प्रश्न ११ मध्ये तो कामाला येईल.

८. महापालिका आहे म्हणजे सोलापूर 'महानगर' झालंच ना?

नाही. महाराष्ट्रात महानगरपालिकेसाठी तीन लाखांची लोकसंख्या पुरते. 'महानगर क्षेत्र' ही वेगळी, राज्यघटनेतली संज्ञा आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३पी प्रमाणे महानगर क्षेत्र म्हणजे दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येचं, एक किंवा अधिक जिल्ह्यांत पसरलेलं, दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती किंवा लगतचे भाग मिळून बनलेलं आणि राज्यपालांनी अधिसूचनेने जाहीर केलेलं क्षेत्र.

लोकसंख्या पुरेशी असून भागत नाही, जाहीर करावं लागतं. २०११ला सोलापूर दहा लाखांना ४८ हजारांनी कमी पडलं, त्यामुळे जनगणनेच्या दशलक्षी शहरांच्या यादीतही ते आलं नाही. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर यांना महानगर प्रदेश विकास प्राधिकरणं आहेत. त्यांच्या हद्दी महापालिकेच्या हद्दीहून फार मोठ्या असतात आणि त्याही बदलतात. मुंबई महानगर प्रदेशात २०१९ला रायगड आणि पालघर जिल्ह्यांतला आणखी भाग घेतला गेला.

९. अमेरिकेत 'मेट्रो एरिया' म्हणतात तो आणि आपला नागरी समूह एकच का?

कल्पना जवळची, मोजपट्टी वेगळी. तिकडे किमान ५०,००० वस्तीचा शहरी गाभा घेतात, तो ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे ती धरतात आणि आजूबाजूच्या ज्या काउंटीतले किमान २५ टक्के कामगार रोज या गाभ्याकडे कामाला जातात ती काउंटी जोडतात. दर जनगणनेनंतर यादी नव्याने लावतात. त्यामुळे तिथेही एखादं शहर एका रात्रीत लाखभर लोकांनी 'वाढतं', कारण एक काउंटी आत आली.

आपण सलग बांधकाम पाहतो, रोजची ये-जा पाहत नाही. मोहोळ किंवा अक्कलकोटहून सकाळच्या एसटीने किंवा रेल्वेने सोलापूरला येणारा कामगार, दुकानातला पोरगा, कॉलेजची मुलगी आपल्या व्याख्येत सोलापूरची ठरत नाही, कारण मधे शेतं आहेत. माझ्या मते सोलापूरसारख्या शहरासाठी ये-जेचा निकष जास्त खरा आहे. बाजारपेठ, दवाखाने आणि यंत्रमाग दिवसा ज्या लोकांवर चालतात ते रात्री कुठे झोपतात एवढ्यावरून शहर मापता येत नाही.

१०. जुळे सोलापूर हे वेगळं शहर आहे का?

नाही. विजापूर रस्त्याकडचा तो महापालिकेतलाच भाग आहे. तिथला कर, नगरसेवक, पाणी सगळं महापालिकेचं. नावामुळे बाहेरगावच्या लोकांचा घोटाळा होतो एवढंच.

११. कुंभारीच्या घरकुलांतले लोक सोलापूर शहरात धरतात का?

नाही. सोलापूरच्या लोकसंख्येतली सगळ्यात मोठी फट इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथे आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने बिडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ला तिचं लोकार्पण झालं. पुढे तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. घरं मिळालेले लोक यंत्रमाग आणि हातमाग कामगार, बिडी कामगार, कचरा वेचणारे, चालक, फेरीवाले. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागाचं कष्टकरी मनुष्यबळ.

आता हिशेब करा. तीस हजार घरं भरली आणि घरात चार-पाच माणसं धरली, तर एक लाख वीस हजार ते दीड लाख लोक होतात. २००१ ते २०११ मध्ये अख्ख्या शहराची वाढ ७९,०८० होती. हद्द आहे तशीच राहिली तर साच्यावर आणि पानाच्या सुपासमोर बसून सोलापूरचा माल तयार करणारे हे लोक पुढच्या मोजणीत सोलापूर शहरात दिसणारच नाहीत. उलट जुन्या झोपडपट्टीतून ते उठून गेल्यामुळे शहराचा आकडा रोडावलेला दिसेल. कोणीतरी मग लिहील की सोलापूर ओस पडत आहे.

अशी वस्ती सेन्सस टाउन तरी ठरते का, हे प्रश्न ७ मधल्या तीन कसोट्यांवर ठरतं. तिसऱ्या कसोटीत फक्त पुरुषांचं काम बघतात. बिडी वळण्याचं काम मात्र जवळजवळ सगळं बायकांचं. पहाटे स्वयंपाक उरकून पान कातरायला बसणारी, संध्याकाळी कारखान्यात बिड्या मोजून देणारी बाई शेतीबाहेरचंच काम करते, पण वस्ती शहरी की ग्रामीण हे ठरवताना तिचा हात मोजला जात नाही. देशभरासाठी हा नियम कसा सोयीचा आहे ते समजू शकतं. सोलापूरसाठी तो अन्यायाचा आहे.

१२. चिंचोळी एमआयडीसी सोलापूर शहरात येते का?

नाही, ती मोहोळ तालुक्यात आहे. शहरातली जुनी एमआयडीसी अक्कलकोट रस्त्यावरची. लोकसंख्येवर चिंचोळीचा थेट परिणाम कमी, कारण कामगार बहुतेक शहरात आणि गावोगावी राहतात. प्रश्न ९ मधली ये-जा इथे लागू पडते.

१३. हद्दवाढ कोण ठरवतं? गावाला विचारतात का?

निर्णय राज्य सरकारचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे सरकार महापालिकेशी विचारविनिमय करतं, आधी मसुदा प्रसिद्ध करतं, हरकती-सूचना मागवतं आणि मग अंतिम अधिसूचना काढतं. ग्रामसभेचा ठराव गावाचं म्हणणं नोंदवतो, पण त्याला नकाराधिकार नाही. तरीही राजकीयदृष्ट्या गावांचा विरोध भारी पडू शकतो. कोल्हापूर महापालिका १९७२ची, पण लगतच्या गावांच्या विरोधामुळे हद्दवाढीचा विषय तिथे वर्षानुवर्षं लोंबकळला. २०१७ला सरकारने त्याऐवजी वेगळं विकास प्राधिकरण काढलं. कोल्हापूरच्या वाढीचा दर सोलापूरशी ताडून पाहताना हे विसरू नका.

१४. आमचं गाव महापालिकेत गेलं तर नेमकं काय बदलेल?

ग्रामपंचायत संपते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान जातं, नगरसेवक येतो. ग्रामीण रोजगाराच्या योजना आणि ग्रामीण घरकुलाचे लाभ थांबतात, शहरी योजना लागू होतात. मालमत्ता कर महापालिकेचा होतो, तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद आहे.

लोक दोन गोष्टींत फसतात. पहिली, सातबारा. गाव महापालिकेत गेलं म्हणून सातबारा आपोआप बंद होत नाही. नगर भूमापन झाल्यावरच मालमत्ता पत्रक तयार होतं, तोवर सातबाराच चालतो. दुसरी, गुंठेवारी. बिनपरवाना पाडलेला प्लॉट हद्दीत आला म्हणून कायदेशीर होत नाही. त्यासाठी २००१चा गुंठेवारी कायदा आणि त्याखालची नियमितीकरणाची प्रक्रिया आहे. 'आता महापालिकेत आलंय, काळजी नको' असं सांगून प्लॉट विकणाऱ्याकडून नियमितीकरणाचा कागद आधी मागा.

रस्ता, ड्रेनेज आणि पाणी अधिसूचनेबरोबर येत नाहीत. हद्दवाढ भागातल्या लोकांनी त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली ते त्यांनाच विचारा.

१५. एकदा आत गेलेलं गाव बाहेर पडू शकतं का?

पडू शकतं. पुण्यात १९९७ला ३८ गावं घेतली आणि पुढे त्यातली काही वगळली. अलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं पुणे महापालिकेत घेऊन नंतर वगळली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. अशा वेळी शहराची लोकसंख्या कमी होते आणि एकही माणूस हललेला नसतो. प्रश्न ४ मधलं गणित उलट्या बाजूने.

१६. महापालिकेत १०२च नगरसेवक का?

लोकसंख्येवरून. सहा ते बारा लाखांच्या महापालिकेला किमान ८५ जागा, आणि सहा लाखांच्या वरच्या दर २०,००० लोकांमागे एक जादा जागा, कमाल ११५. सोलापूरचे सहा लाखांवरचे लोक ३,५१,५५८. त्याला २०,००० ने भागलं की १७ पूर्ण भाग मिळतात. ८५ अधिक १७ म्हणजे १०२. २०१७ला याच १०२ जागा २६ प्रभागांत बसवल्या: २४ प्रभाग चार सदस्यांचे, दोन प्रभाग तीन सदस्यांचे.

हद्द बदलली की हे गणितही बदलतं, आणि राजकारण्यांना हद्दवाढीत एवढा रस का असतो ते इथे कळतं.

१७. घरभाडे भत्ता कुठल्या हद्दीवर ठरतो? मी राहतो शहरात, शाळा बाहेरच्या गावात आहे.

नोकरीचं ठिकाण कुठे आहे त्यावर, राहण्याचं नाही. पाच ते पन्नास लाखांची शहरं 'वाय' वर्गात, सोलापूर त्यात आहे. शाळा महापालिका हद्दीबाहेर असेल तर सर्वसाधारणपणे तो दर मिळत नाही. शहराच्या अगदी लगतच्या, शहरावरच अवलंबून असलेल्या ठिकाणांसाठी केंद्राच्या नियमांत अपवाद आहेत. आपल्या खात्याचा चालू शासन निर्णय पाहून मगच अर्ज करा.

१८. ऊसतोड कामगार आणि वारकरी कुठे मोजले जातात?

वारकऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. मोजणी फेब्रुवारीत होते, आषाढी पावसाळ्यात. २०११ला पंढरपूरची लोकसंख्या ९८,९२३ होती, आषाढीला तिथे लाखोंनी माणूस असतो. जनगणना त्या गर्दीला मोजत नाही. पण नगरपरिषदेला पाणी आणि स्वच्छता मात्र त्या गर्दीला पुरवावी लागते.

ऊसतोडीचा प्रश्न अवघड आहे. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. बीड, धाराशिवकडची कुटुंबं तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या फडांवर कोप्यांत असतात. नियम असा की गणनेचा सगळा काळ माणूस आपल्या नेहमीच्या घरापासून दूर असेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे गेवराईचं कुटुंब माळशिरसमध्ये मोजलं जातं, गावाकडे राहिलेले म्हातारे गेवराईत. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या लहान गावाची लोकसंख्या अवचित फुगलेली दिसली तर आधी जवळ साखर कारखाना आहे का ते पाहा.

१९. पुढच्या जनगणनेत नवी गावं शहरात धरली जातील का?

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. मोजणी सुरू होण्याआधी गाव, तालुका, शहर यांच्या हद्दी गोठवतात, नाहीतर एकच घर दोनदा मोजलं जाईल किंवा सुटेल. या वेळी ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. त्या दिवशी जी हद्द, तीच जनगणनेची. त्यानंतर कितीही मोठी हद्दवाढ जाहीर झाली तरी २०२७चा आकडा जुन्या हद्दीचाच राहील. २०११च्या वेळी ही तारीख ३१ डिसेंबर २००९ होती.

२०. सोलापूर पूर्वी राज्यात चौथ्या नंबरचं शहर होतं म्हणतात. मग मागे का पडलं?

१९६१ला मुंबई, नागपूर, पुणे आणि मग सोलापूर, हे खरं आहे. तेव्हा इथे सुमारे ३ लाख ३८ हजार लोक होते. पुढे नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई-पुण्याच्या कुशीतली शहरं पुढे गेली. उद्योग गेले, हे पहिलं कारण आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण तुलना करताना दुसरी बाजूही तपासा. नाशिक महापालिका १९८२ला झाली ती नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून. पिंपरी-चिंचवड ही १९६१ला नगरपालिकाही नव्हती. क्रमवारीतल्या काही शहरांचा जन्मच हद्दी जोडून झालेला आहे.

२१. मला माझ्या शहरासाठी हे स्वतः तपासायचं आहे. सुरुवात कुठून करू?

जनगणनेचा 'ए-४' तक्ता उघडा. त्यात प्रत्येक शहराची १९०१पासूनची दर दहा वर्षांची लोकसंख्या एका खाली एक दिलेली असते. ज्या दशकात वाढ आधीच्या-नंतरच्या दशकांशी अजिबात जुळत नाही, तिथे बोट ठेवा आणि तळटीप वाचा. हद्द बदलली असेल तर ती बहुतेकदा तिथेच नोंदलेली असते. मग त्या वर्षाच्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून सामील झालेल्या गावांची नावं आणि लोकसंख्या घ्या. क्षेत्रफळाचा रकाना दोन्ही वर्षांचा जुळवून पाहा. क्षेत्रफळ तेच असेल तर तुलना थेट करता येते, वेगळं असेल तर प्रश्न ४ मधली रीत वापरा. गाव अर्धंच सामील झालं असेल तर पूर्ण गाव मिळवू नका, अधिसूचनेतले गट क्रमांक पाहा.